घर कोठे घ्यावे? : मुंबईतील आमच्या वस्त्यांचा इतिहास

विवाहापूर्वीची चौकशी करताना धर्मगुरूला वधूवरांना बरेच प्रश्न विचारावे लागतात. स्नानसंस्काराची नोंद, आईवडिलांची नावे, विवाहाला मनापासून असलेली संमती, अशा साऱ्या प्रश्नांची उत्तरे आमच्यापुढे बसलेली तरुण मंडळी न अडखळता देतात. शेवटी आम्ही एक साधा प्रश्न विचारतो : "लग्नानंतर राहणार कोठे?" तेथे मात्र दोघे एकमेकांकडे पाहू लागतात.

मागील पावसाळ्यात आलेल्या एका जोडप्याने हा प्रश्न आमच्यावरच उलटवला. मुलगा फोर्टात नोकरीला, मुलगी अंधेरीला. गावातील घर चार भावांत वाटलेले. कोणी त्यांना नायगाव सुचवत होते, कोणी विरार, तर कोणी पनवेलच्याही पुढे. मुलगी म्हणाली, "फादर, तुम्ही इतक्या धर्मग्रामांत राहिलात. आमच्यासारख्यांना परवडेल अशी बरी जागा कोठे आहे, ते तुम्हीच सांगा." आम्ही काही घरांचे दलाल नव्हे, आणि सेमिनरीतही हा विषय आम्हाला कोणी शिकवला नव्हता. त्या दिवशी आम्ही वेळ मारून नेणारे काहीतरी उत्तर दिले आणि कागदावर सही केली.

प्रश्न मात्र मनातून गेला नाही. विचार करता लक्षात आले की, हाच प्रश्न आपल्या समाजाने मुंबईत दीडशेहून अधिक वर्षे पिढ्यान् पिढ्या विचारला आहे. कधी त्याचे उत्तर शहाणपणाने दिले, कधी नाइलाजाने. ती उत्तरे एका ओळीत मांडून पाहिली, तर आजच्या जोडप्यालाही त्यांतून काही मिळेल असे वाटले. म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांच्या दारी शहर आले

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्यापैकी काही जण मुंबईला गेलेच नाहीत. मुंबईच त्यांच्या दारी आली. वसई व साष्टीचा प्रदेश १५३४ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात आल्यानंतर या किनाऱ्यावर ख्रिस्ती गावे उभी राहिली. माझगावची माथारपाखाडी, गिरगावची खोताचीवाडी, कावेल, वांद्र्याची रनवार, चुईम, पाली व चिंबई, पुढे कलिना, मरोळ, आंबोली ही सारी मूळची गावेच. भात, नारळ, ताडी आणि मासे यांवर त्यांचा संसार चाले. इंग्रजांनी बेटे जोडली, भराव घातले, कचेऱ्या उघडल्या आणि गावे शहराच्या पोटात गेली.

या गावकऱ्यांना घर शोधावे लागले नाही. परंतु बाहेरून येणाऱ्यांना त्यांच्याच शेजारी जागा हवी होती. गोव्याहून व मंगळूरहून आलेले ख्रिस्ती लोक नोकऱ्यांच्या शोधात येत, आणि सरकारदरबारी सारेच एका नावाने 'ख्रिस्ती' म्हणून ओळखले जात. येथल्या मूळ ख्रिस्ती लोकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले व आपली संस्था स्थापन केली, त्यामागे हे एक मोठे कारण होते. म्हणजे एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्या लोकांतही 'आधीचे' आणि 'नंतरचे' हा भेद शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पडला होता. हा धागा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

गावाचे नाव हाच पत्ता

बाहेरून आलेल्या गोवेकराने प्रथम कोठे पथारी टाकली? 'कुडी'त. कोकणीत कूड म्हणजे खोली. एका गावच्या लोकांनी मिळून मुंबईत एखादी जागा भाड्याने घ्यावी आणि त्या गावचा जो कोणी येईल त्याने तेथे उतरावे, अशी ही व्यवस्था होती. पुढे तिलाच 'क्लब' म्हणू लागले. धोबीतलाव, सोनापूर, कावेल, माझगाव, डोंगरी या भागांत अशा कुडी दाट होत्या. हा परिसर का निवडला, याचे उत्तर त्या माणसांच्या पोटापाण्यात आहे. कोणी जहाजावर खलाशी वा खानसामा, कोणी साहेबाच्या बंगल्यावर आचारी, कोणी शिंपी, कोणी वाजंत्री. बंदर, जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या, फोर्टातील हॉटेले आणि क्रॉफर्ड मार्केट हे सर्व पायी जाण्याच्या अंतरावर होते. गाडीभाड्याचा पैसा वाचे, आणि नोकरीची बातमी जेथे प्रथम फुटे तेथेच माणूस राहत असे.

कुडीत प्रत्येकाच्या वाट्याला भिंतीकडेची एक पेटी ठेवण्यापुरती जागा येई. रात्री चटई अंथरायची व सकाळी गुंडाळायची. महिन्याची वर्गणी अगदी थोडी. जहाजावर गेलेला माणूस महिनोन् महिने परतला नाही, तरी त्याची पेटी तेथे सुरक्षित राही. खोलीत एका बाजूला गावच्या आश्रयदात्या संताची वेदी असे आणि ठरलेल्या वेळी सर्वांनी मिळून जपमाळ म्हणायची असा नियम असे. गावच्या संताचा सण मुंबईतही साजरा होई. आजारी पडलेल्याला इस्पितळात नेणारे, मेलेल्याला सोनापूरला पोचवणारे आणि त्याच्या घरी पत्र धाडणारे हेच गाववाले असत.

येथे 'स्वस्त' या शब्दाचा अर्थ थोडा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे. मराठीत आपण 'परवडते' हे क्रियापद केवळ पैशांपुरते वापरत नाही. 'हे वागणे तुला परवडणार नाही' असेही म्हणतो. कूड परवडत असे, याचे कारण भाडे कमी हे एकच नव्हते. अडचणीच्या दिवशी तेथे माणूस एकटा नसे. अनोळखी शहरातील त्या दिवसाची किंमत भाड्याच्या पावतीवर लिहिलेली नसते, पण द्यावी तर लागतेच.

तरीही कुडीचे गोडवे गाऊन थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कूड ही पुरुषांची जागा होती. बायकामुले गावीच राहत, आणि मुलगा बापाला दोन-तीन वर्षांतून एकदा पाही. जागेचे भाडे वाचले, पण त्याची भरपाई कुटुंबाच्या ताटातुटीने केली. शिवाय काही गावांच्या कुडी जातीप्रमाणे निरनिराळ्या असत. वेदीवरचा संत एकच असला, तरी पेटी ठेवण्याची जागा मात्र वेगळी होती.

प्लेग, आगगाडी आणि सहकार

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगने डोके वर काढले आणि मुंबईतील घराचा प्रश्न एकदम जिवाचा प्रश्न झाला. दाट वस्तीतील अंधारी खोली आता केवळ गैरसोयीची उरली नाही. ती प्राणघातक ठरली. हजारोंनी शहर सोडले. शहराची लोकसंख्या १८९१ साली सुमारे ८ लाख २२ हजार होती, ती १९०१ साली ७ लाख ७६ हजारांवर आली. वांद्र्याच्या गल्लीबोळांत प्लेगपासून रक्षण व्हावे म्हणून लोकांनी उभारलेले क्रूस आजही दिसतात. त्यांपुढून जाताना आपण हात जोडतो. मात्र ते क्रूस म्हणजे घरांच्या इतिहासातील खुणेचे दगडही आहेत, हे सहसा आपल्या मनात येत नाही.

सरकारने १८९८ साली 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन केला. त्याने दाट वस्त्या पाडून रस्ते काढले आणि दादर, माटुंगा, वडाळा, शीव या बाजूंना नव्या वसाहती आखल्या. लोकांची नजर उत्तरेकडे वळली. तिकडे जाण्याची वाट त्यापूर्वीच खुली झाली होती. माहीम व वांद्रे यांना जोडणारा पूल जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांच्या देणगीतून १८४५ साली खुला झाला होता. १८६७ साली विरारहून मुंबईला रोजची गाडी सुरू झाली. १९२८ साली बोरिवलीपर्यंत व १९३६ साली विरारपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. मुंबईत स्वस्त घराचा नकाशा काढायचा, तर तो रेल्वेच्या वेळापत्रकावरच काढावा लागतो. जेथपर्यंत गाडी गेली, तेथपर्यंत गरजू माणूस गेला. आणि गाडीची फेरी वाढली की मागोमाग जागेचा भावही वाढला.

याच काळात आपल्या समाजाने एक धाडसाची गोष्ट केली. १९०४ व १९१२ च्या कायद्यांनी सहकारी संस्थांना आधार दिला होता. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत मंडळींनी १९१५ साली गावदेवीला सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. त्या मागोमाग १९१८ साली 'सॅल्सेट कॅथलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी' वांद्र्यात स्थापन झाली. एकट्या कारकुनाला जमीनही घेता येत नव्हती व कर्जही मिळत नव्हते. चारशे कारकून एकत्र आले, तर त्यांची पत निर्माण होते, हे सहकाराचे मर्म आपल्या लोकांनी ओळखले. जेथे भात पिकत असे, तेथे व्हरांड्याचे, लाकडी जिन्यांचे, अंगणात पेरूचे झाड असलेले टुमदार बंगले उभे राहिले. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या आपल्या परिपत्रकात, कामगाराला मिळणारे वेतन इतके असावे की काटकसर करून त्याला स्वतःची थोडीशी मालमत्ता करता यावी, असे सांगितले होते. वांद्र्याचे ते बंगले पाहिले की, ती शिकवण कोणीतरी विटांत उतरवली असे वाटते.

परंतु येथेही दुसरी बाजू आहे. सोसायटीचा सभासद होण्यासाठी महिन्याचा बांधलेला पगार लागे. तो रेल्वेतल्या, बँकेतल्या, सरकारी कचेरीतल्या माणसाकडे होता; आचाऱ्याकडे व खलाशाकडे नव्हता. ते कुडीतच राहिले. आणि ज्या शेतांवर बंगले झाले, ती कसणारे हात पुढे कोणते काम करू लागले, याची नोंद सोसायटीच्या दप्तरात कोण ठेवणार?

बांधली, पण कोणी राहावयास येईना

सरकारनेही १९२० साली 'डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' स्थापून कामगारांसाठी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथील त्या २०७ चाळी 'बी. डी. डी. चाळी' म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. खोली १६० चौरस फुटांची. शहरात घरांची एवढी चणचण असतानाही सुरुवातीच्या वर्षांत त्यांतील कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या. गिरणीपासून दूर, बाजारापासून दूर, उधारीवर धान्य देणारा ओळखीचा वाणी नाही, गाववाले नाहीत, अशा ठिकाणी जाण्यास कामगार तयार नव्हता. सरकारी अभियंत्यांनी चौरस फूट मोजले होते. कामगाराने सगळा दिवस मोजला. वस्ती निवडू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत ध्यानी ठेवावी असे आम्हाला वाटते. पुढे भोवती वस्ती व बाजार वाढले, तेव्हा याच चाळी ओसंडून वाहू लागल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरटंचाई पराकोटीला पोचली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १९४० च्या सुमाराचे भाडे प्रमाण मानले व भाडेकरूला संरक्षण दिले. ज्याच्या हाती खोली होती तो वाचला. गिरगावातील, माझगावातील व भायखळ्यातील शेकडो ख्रिस्ती कुटुंबे या कायद्यामुळेच शहरात टिकली. पण ज्याच्या हाती खोली नव्हती, त्याच्यासाठी दार बंद झाले. नव्याने येणाऱ्याला पागडी भरावी लागे, आणि एवढी रक्कम त्याच्याजवळ नसे. तुटपुंज्या भाड्यात घरमालक दुरुस्ती करीना. छते गळू लागली, जिने डळमळू लागले, तेव्हा १९६९ साली सरकारला दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ नेमावे लागले. एक भला हेतू मनात धरून केलेला कायदा आत असलेल्याला आधार देतो आणि बाहेर उभ्या असलेल्याला विसरतो, हे आपण तेथे पाहिले.

त्या दिवसांत नवख्याचा आधार होती ती मोठ्या घरातील एखादी खोली. वांद्रे, माहीम, कलिना येथील कित्येक विधवांनी पाहुणे भाडेकरू ठेवून मुले शिकवली. मंगळूरहून नोकरीला आलेल्या मुलीला धर्मभगिनींच्या वसतिगृहात खाट मिळे. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ साली बुधवारची नोव्हेना सुरू झाली. तेथे दर बुधवारी लोटणाऱ्या गर्दीत घरासाठी याचना करणारे किती असतील, हे एक मातामाउलीच जाणे. आजही तेथे भाविक मेणाची छोटी घरे अर्पण करतात. शहराची गरज कोणती, हे मेणबत्ती विकणाऱ्याला नगररचनाकाराच्या आधी कळते.

गाडी उत्तरेकडे सरकली

१९६० नंतर मालकीच्या सदनिकांचे युग आले. आधी मालाडचे ओर्लेम, मग बोरिवलीची चर्चच्याच नावाने ओळखली जाणारी आय. सी. कॉलनी, त्यानंतर दहिसरची खाडी ओलांडून मीरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई, नालासोपारा, विरार. प्रत्येक टप्प्याची कथा सारखीच आहे. पहिली कुटुंबे येतात तेव्हा रस्ता नसतो, दिवा नसतो, पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. मिस्सा एखाद्या दिवाणखान्यात वा शाळेच्या वर्गात होते. लोक वर्गणी काढतात, मंदिर उभे राहते, शाळा निघते. पंचवीस वर्षांत तीच जागा 'चांगली वस्ती' ठरते. मग ज्यांनी ती चांगली केली, त्यांच्याच मुलांना तेथे घर घेणे परवडत नाही, आणि ती मुले गाडीने आणखी दोन स्टेशने पुढे जातात.

वसईने ही कथा दुसऱ्या बाजूने अनुभवली. येथे केळी, फुले, पानवेली व भाजीपाला यांची हिरवी वाडी होती. १९८० नंतर जमिनीवर इमारतींची दृष्टी पडली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली व १९८९ च्या सुमारास लोक हजारोंनी रस्त्यावर आले. पाणी, झाडे आणि शेती वाचावी ही मागणी न्याय्य होती, आणि आजही आहे. तथापि सत्य हेही आहे की, काही जमिनी आपल्याच माणसांनी विकल्या. आणि त्या जमिनीवरील घरांत राहावयास आले ते राक्षस नव्हते, तर परळ, कुर्ला व माहीम येथे जागा न परवडलेले कुटुंबवत्सल लोक होते. त्यांत आपले ख्रिस्ती बांधवही पुष्कळ. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महानगरपालिकेची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हा जुन्या मराठी धर्मग्रामांच्या शेजारी इंग्रजी व कोकणी मिस्सा मागणारी नवी कुटुंबे उभी होती. 'आधीचे' आणि 'नंतरचे' हा जुना भेद पुन्हा एकदा चर्चच्या व्हरांड्यात येऊन बसला.

स्वस्त घराची दुसरी किंमत

आता आमच्या त्या जोडप्याकडे वळू. इतिहास त्यांना काय सांगेल?

पहिली गोष्ट वेळेची. विरार ते चर्चगेट हे अंतर ६० किलोमीटर. जायला सुमारे दीड तास, यायला दीड तास. महिन्यातील पंचवीस दिवसांचा हिशेब केला, तर पंचाहत्तर तास होतात. म्हणजे अखंड तीन दिवस व तीन रात्री प्रत्येक महिन्याला गाडीत गेल्या. हप्ता कमी म्हणून आनंद मानताना ही रक्कमही वहीत मांडावी. कुडीतल्या बापाने मुलाला दोन वर्षांनी पाहिले. आजचा बाप रोज घरी येतो, पण मूल झोपल्यावर. मार्च २०२० मध्ये लोकलगाड्या सर्वसामान्यांसाठी थांबल्या, तेव्हा दूर राहणाऱ्या कितीतरी जणांची नोकरी त्यांच्या घराच्या अंतरानेच हिरावून नेली.

दुसरी गोष्ट जमिनीची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कलिना, कुर्ला पाण्याखाली गेले. जुलै २०१८ मध्ये वसई व नालासोपारा दिवसेंदिवस पाण्यात होते. जुने लोक घर बांधण्यापूर्वी पाणी कोणीकडून येते व कोणीकडे जाते ते पाहत. भातखाचर आणि मिठागर ही पाण्याची हक्काची जागा असते. तेथे इमारत झाली, तरी पाणी आपला सातबारा विसरत नाही. म्हणून जागा पावसाळ्यात पाहावी, आणि गाडी सकाळी आठ वाजता, कामाच्या दिवशी, पैसे भरण्यापूर्वी पकडून पाहावी.

तिसरी गोष्ट कागदांची. नालासोपाऱ्यात न्यायालयाच्या आदेशाने ४१ अनधिकृत इमारती २०२५ च्या आरंभी पाडण्यात आल्या. तेथील कुटुंबांनी पैसे मोजूनच घरे घेतली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला एक इमारत कोसळून १७ जण दगावले. पूर्वी आपला माणूस आहे म्हणून तोंडी शब्दावर व्यवहार होत. आता आपला माणूसच मधे असला, तरी बिनशेतीचा आदेश, बांधकामाची परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि २०१७ पासून आवश्यक झालेली महारेराची नोंदणी पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. विश्वास हा सद्गुण आहे. परंतु आळस त्याचे सोंग घेऊन येतो.

चौथी गोष्ट शेजाराची, आणि येथे प्रश्न जोडप्यापेक्षा आपल्यालाच अधिक आहे. कुडीने आणि सॅल्सेट सोसायटीने आपल्या माणसाला आसरा दिला, हे खरे. अहमदाबादेतील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा पोटनियम वैध मानला, हेही खरे. कायद्याने दार राखता येते. परंतु आमच्याकडे येणारे तरुण सांगतात की, घर भाड्याने पाहावयास गेले असता नाव विचारले जाते, मग 'मांसमच्छी खाता का?' असे विचारले जाते, आणि मग खोली आधीच दिली गेल्याचे कळते. हे ऐकून आपल्याला संताप येतो, आणि तो योग्यच आहे. मात्र आपल्या गावात मोकळी खोली असताना आपण कोणाकोणाला परत पाठवतो, हेही त्याच संतापाने तपासले पाहिजे. बेथलेहेमच्या सराईवाल्याला दर नाताळात दोष देणे सोपे आहे. त्याच्याकडे निदान जागा शिल्लक नव्हती.

१९८७ हे बेघरांच्या निवाऱ्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते. त्या वर्षाच्या अखेरीस 'न्याय व शांती' या परमधर्मपीठाच्या आयोगाने घरांच्या प्रश्नावर एक पत्रक काढले. घर ही केवळ बाजारातील वस्तू नाही, ते समाजाचे मूलभूत हित आहे, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. ते पत्रक किती धर्मग्रामांत वाचले गेले, हे विचारण्याचे धैर्य आम्हाला होत नाही. आम्हीही ते उशिराच वाचले.

आमचे उशिराचे उत्तर

कुडीचे दिवस परत यावेत असे आम्ही म्हणत नाही. पण कुडीतील एक गोष्ट प्रत्येक धर्मग्रामाला सहज करता येईल. आलेल्या माणसाला पहिली रात्र एकटे वाटू नये, एवढी ती गोष्ट आहे. नवे कुटुंब राहावयास आले की, त्या गल्लीतील लघु ख्रिस्ती समूहाने आठवड्याच्या आत त्यांचे दार ठोठवावे. पाण्याची वेळ, दूधवाला, विश्वासाचा डॉक्टर, शाळेचे अर्ज, मिस्सेची वेळ ही माहिती द्यावी. ज्यांच्याकडे मोकळी खोली आहे, त्यांनी ती रास्त भाड्याने द्यावी व लेखी करार करावा, म्हणजे दोन्ही पक्षांना भय राहणार नाही. घराची कागदपत्रे वाचून देणारा एखादा निवृत्त वकील वा तलाठी प्रत्येक धर्मग्रामात असतो. रविवारी मिस्सेनंतर त्याला एक टेबल व खुर्ची द्यावी.

ते जोडपे गेल्या महिन्यात विवाहाच्या घोषणांसाठी पुन्हा आले. आम्ही त्यांना कोणत्याही स्टेशनाचे नाव सांगितले नाही. मुलीला एवढेच म्हणालो, "जागा पाहाल तेथे आधी एका रविवारी मिस्सेला जा. मिस्सा संपल्यावर दहा मिनिटे दारात उभे राहा. कोणी तुमच्याशी बोलले, तर कागदपत्रे पाहावयास लागा."

ती दोघे हसली. त्या रविवारी आम्ही आमच्याच चर्चच्या दारात उभे राहिलो. एक अनोळखी कुटुंब, कडेवर मूल, बाहेर येऊन थोडे थांबले, इकडेतिकडे पाहिले आणि निघाले. त्यांच्याशी कोणी बोलले नाही. आम्हीच मग झग्याचा घोळ सावरत फाटकापर्यंत धावत गेलो.